चावी दुसऱ्याच्या घरी

तात्या, तुम्ही गेलात तेव्हा चावी तुमच्या घरात होती.

विकासने फोन केला. वडील गेल्याचं सांगताना धाकटा मुलगा जेवढं सांगतो तेवढंच त्याने सांगितलं. पहाटे गेले, झोपेतच, दुपारी माती. मी एकच प्रश्न विचारला, पाण्याची पाळी कुणाची चालू आहे? "आमचीच," तो म्हणाला, "संपत आलीया." फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही, भीती वाटली. रडू बारामतीहून एसटीने येताना आलं, तेही थोडंच, कारण शेजारच्या बाईंनी "मळमळतंय का?" म्हणत लगेच मला खिडकीची जागा दिली.

भीतीचं तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही. आपण दोघं भीतीबद्दल जितकं बोललो तितकं दुसऱ्या कशाबद्दलच बोललो नाही.

हा मजकूर तुमचं गाव न पाहिलेले लोकही वाचतील, म्हणून चावीचं आधी सांगते. बारामतीकडून इंदापूरकडे जाणाऱ्या पाटाची एक चारी तुमच्या गावात शिरते आणि एका लोखंडी दारापाशी दोन वाड्यांत वाटली जाते. दार वर उचललं की पाणी खालच्या वाडीला जातं, खाली सोडलं की वरच्या वाडीला. ते फिरवायला आट्यांच्या दांड्यावर एक लोखंडी हँडल बसवावं लागतं. हातभर लांब, एका हाताने उचललं तर मनगट दुखेल इतकं जड. गावात त्याला चावी म्हणतात. पूर्वी ती दारापाशीच एका दगडाखाली असायची. ज्याची पाळी आली त्याने घ्यावी, दार फिरवावं, पुन्हा दगडाखाली सारावी. कुणी कुणाला विचारायचं कारण नव्हतं. पाळी संपायच्या आतच कुणीतरी दार फिरवायचं, शिव्या व्हायच्या, आणि प्रकरण शिव्यांवरच मिटायचं.

एका उन्हाळ्यात ते शिव्यांवर मिटलं नाही. तुमचा थोरला मुलगा संजय खाली सोडलेलं दार पुन्हा उचलायला गेला. वरच्या वाडीच्या हरिभाऊंचा मुलगा दत्ता तिथे होता. फावड्याचा दांडा डोक्यात एकदाच बसला, हे न्यायालयात सिद्ध झालं. संजय चारीतच पडला. दत्ताला शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला. दाराजवळ पडलेली चावी पोलिसांनी पंचनाम्यात नेली. मारहाणीशी तिचा संबंध नव्हता. ती तिथे होती, एवढंच.

आपली ओळख न्यायालयाच्या व्हरांड्यात झाली. एका टोकाला तुमची खालची वाडी बसली होती, दुसऱ्या टोकाला वरची, मध्ये पोलीस आणि मी. तुम्ही माझ्या हातातल्या पेनाकडे बघून विचारलंत, "पेपरच्या का?"

मी हो म्हणाले.

"मग गावाचं नाव लिवू नगा."

नाव नसलेली बातमी छापत नाहीत, असं मी म्हणाले.

"मग छापू नगा. नाव छापलं की पावणं येत्यात. आमच्या बाजूचंबी येत्यात आन् त्यांच्याबी. आन् येताना मोकळ्या हातानं येत न्हाईत."

बातमीतलं नाव ठेवणं न ठेवणं माझ्या हातात नव्हतं. हा मजकूर माझ्या हातात आहे, म्हणून यात गावाचं नाव नाही.

पावणे आले. त्यानंतरचं तुमचं गाव मी तुकड्यातुकड्याने पाहिलं, बातमी होईल तेव्हा. खालच्या वाडीतली पिठाची गिरणी वरच्यांना बंद झाली. वरच्या वाडीतल्या डेअरीत खालच्यांचं दूध घेईनात. पोरं शाळेला बांध सोडून लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. कडब्याची गंज पेटली. एका पुढाऱ्याने देवळात बैठक घेतली, दोन्ही वाड्यांना हात मिळवायला लावले, फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "तात्या, जरा हसा की." तुम्ही म्हणालात, "दात न्हाईत." दात होते. त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात डाळिंबाची एक अख्खी बाग बुंध्यापासून कापलेली सापडली. बातमीत 'अज्ञात इसम' असं आलं. गावात अज्ञात कुणीच नव्हतं. प्रत्येकाला प्रत्येक नाव ठाऊक होतं, आणि पुढचा जीव कुणाचा जाणार याचा अंदाजही होता. तुमच्या वाडीत पुढचं नाव विकासचं धरत होते.

पोलिसांनी चावी नेल्यापासून चारीचं दार मध्येच अडकून होतं. दोन्हीकडे अर्धंअर्धं पाणी जायचं आणि कुणाच्याच शेवटच्या रानाला पोचायचं नाही. नवी चावी करायला कुणी धजत नव्हतं. जो करील त्याने दार बळकावलं, असा अर्थ झाला असता. मग तुम्ही एक दिवस कुणाला न सांगता इंदापूरला गेलात, वेल्डिंगवाल्याकडून नवी करून घेतलीत आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलात. कंडक्टरने विचारलं, "आबा, हे काय घेतलंय?" तुम्ही म्हणालात, "नात हाय. अर्धं तिकीट फाडा." हा प्रसंग तुम्ही मला दर भेटीत सांगितलात. खरा की रचलेला, हे मी कधी तपासलं नाही. बाकी सगळं तपासायची सवय असलेल्या माणसाने एखादी गोष्ट तशीच राहू द्यावी.

पुढचं मला तुमच्याकडून आणि हरिभाऊंकडून वेगवेगळं कळलं आणि दोन्ही जुळलं. एसटीतून उतरून तुम्ही घरी गेला नाहीत. चावी खांद्यावर टाकून थेट वरच्या वाडीत गेलात. हरिभाऊ दारातच होते. ज्याच्या मुलाने तुमचा मुलगा मारला, तो बाप.

"हरिभाऊ, आत घेता का हितंच मारता?"

"आत या," हरिभाऊ म्हणाले. "अंगण आत्ताच सारवलंय."

तुम्ही आत गेलात. चावी त्यांच्यासमोर ठेवलीत आणि नियम सांगितलात. चावी इथून पुढे दगडाखाली राहणार नाही. ज्याने दार फिरवलं त्याने ती आपल्या घरी न्यायची. पुढची पाळी ज्याची असेल त्याने तिथे जाऊन मागायची. उंबऱ्याबाहेर उभं राहून नाही. आत यायचं, बसायचं, निदान पाणी प्यायचं, मग चावी उचलायची. असं दर पाळीला. पहिली पाळी वरच्यांची. चावी ठेवून तुम्ही मोकळ्या हाताने घरी आलात.

तुमच्या वाडीने तुम्हाला वेड्यात काढलं. विकास वालचंदनगरला नोकरीला होता, तो सुट्टीला आला आणि तुमच्याशी न बोलता परत गेला. तुमचे चुलतभाऊ शंकरराव चारचौघांत म्हणाले, "पोरगं दिलं, आता पाणीबी दिलं. जमीन कधी लिवून देतूस?"

"त्यांनी चावी न्हाय दिली तर?" मी विचारलं होतं.

"न्हाय कशी देत्यात? त्यास्नीबी पुढच्या बारीला आमच्याच दारात यायचंय."

हे वाक्य मी तेव्हा बातमीच्या शेवटी टाकलं. छान वाटलं म्हणून. त्यातली मेख माझ्या लक्षात पुष्कळ नंतर आली. तशी चावी इंदापुरात कुठलाही वेल्डिंगवाला चहा होईस्तोवर करून देतो. वरच्या वाडीला ते ठाऊक होतं, तुमच्या वाडीला होतं. दुसरी चावी कुणी केली नाही. एवढ्या वर्षांत पाळीमागून पाळी गेली, दुष्काळात शेवटचं पाणी आलं तेव्हाही लोकांनी मागायला जायचं टाळलं नाही. लोखंडाने काहीच धरून ठेवलेलं नव्हतं. गिरणी सुरू झाली, डेअरी सुरू झाली, पोरं बांधावरून शाळेत जाऊ लागली. लग्नपत्रिका मात्र या वाडीतून त्या वाडीत अजून जात नाहीत. हे लिहायला हवं, नाहीतर चित्र खोटं होईल.

मी तुमच्यावर मोठा लेख करायचं ठरवलं, तेव्हा मला त्यात एक शब्द हवा होता. तो काढून घ्यायला मी तुम्हाला इंदापूरच्या स्टँडवर भजी खायला घातली. विचारलं, "तात्या, माफ केलंत का तुम्ही त्यांना?"

"भजी कुणाच्या पैशाची?"

"माझ्या."

"मग खोटं बोलायला नगं. माफी-बिफी मला कळत न्हाय, बाई. मला भ्या वाटतं. एक गेला, दुसरा जाईल ह्याचं भ्या वाटतं. म्हणून जातो म्या चावी मागाय."

आणि मग तुम्ही चहाचं सांगितलंत. पहिलं वर्षभर विषाच्या भीतीने हरिभाऊंच्या घरचा चहा तुम्ही प्यायलाच नव्हता. "घोट घेतला न्हाय. निस्त्या मिशा भिजवल्या." दर पाळीला हरिभाऊ विचारायचे, "तात्या, चहा का इख?" तुम्ही म्हणायचात, "आज चहा द्या. इख पुढच्या पाळीला." दोघं हसायचात आणि कप तसाच भरलेला राहायचा. एका पाळीला हरिभाऊंनी काही न बोलता तुमच्यासमोरचा कप उचलला, स्वतः पिऊन टाकला आणि आपला उष्टा, अर्धा कप तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही तो प्यायलात.

"मग भीती गेली?" मी विचारलं.

"कशापायी जाईल? त्यालाबी भ्या वाटतं हे कळलं. आता दोघं मिळून भेतो."

माझं म्हणणं होतं, भीतीवर उभी राहिलेली शांतता टिकत नाही. भीती संपली की तीही संपते. लोकांनी मनापासून काहीतरी सोडून द्यायला हवं. तुम्ही भजीचा घास तोंडात असतानाच म्हणालात, "तुमच्या बारामतीच्या खोलीला कुलूप हाय का?"

"आहे."

"भ्यानंच लावता न्हवं? मग काय खोली पडली का त्यानं?" आणि वर, "भ्या असलेला माणूस इचार करतो. ज्याला भ्या न्हाय ना, त्याचं भ्या धरा."

मी म्हणाले, कुलूप आणि शेजार यात फरक असतो. तुम्ही म्हणालात, मला दोन्ही ठाऊक नाहीत, मी भाड्याने राहते. वाद तिथेच राहिला. लेखाला मथळा मिळाला नाही, आणि मथळा नाही म्हणून लेखही झाला नाही. ते एक बरं झालं.

दुसरा वाद दत्तावरून. तो शिक्षा भोगून आल्यावर तुम्ही त्याला कधी समोरासमोर पाहिलं नाहीत. चावी मागायला हरिभाऊ यायचे. तुम्ही जायचात तेव्हा तो रानात असायचा, किंवा असेल अशी व्यवस्था हरिभाऊ करायचे. इंदापूरच्या बाजारात एकदा आपण दोघं होतो. समोरून तो पेरूचे क्रेट खांद्यावर घेऊन येत होता. तुम्ही वळलात आणि एका बाईला दोडक्याचा भाव विचारायला लागलात. तो लांब जाईपर्यंत विचारत राहिलात. शेवटी ती म्हणाली, "घ्यायचा हाय का, आबा, का निस्ती मुलाखत?" तुम्ही पावशेर घेतलात. दोडका तुमच्या घरात कुणीच खात नाही.

परत येताना मी म्हणाले, तुमचा नियम दोन वाड्यांचा नाही, दोन म्हाताऱ्यांचा आहे. दत्ता आणि विकास त्यात कुठेच नाहीत. तुमच्या दोघांनंतर काय?

"अजून मेलो न्हाय, बाई."

जिवंत माणसासमोर त्याच्यामागे कोण, असं विचारणं तुमच्याकडे अभद्र मानतात. हरिभाऊंनाही कुणी विचारलं नाही. मग दिवाळीच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि ते अंथरुणाला खिळले. त्यानंतर वरच्यांची पाळी आली तेव्हा चावी तुमच्याकडे होती. नियमाप्रमाणे ती मागायला दत्ताला यावं लागलं असतं. तुम्ही वाट पाहिली नाहीत. स्वतः चावी उचलून हरिभाऊंच्या उशाशी ठेवून आलात. गावाने कौतुक केलं. आजारी माणसासाठी तात्यांनी किती केलं, असं मलाही दोघांनी फोन करून सांगितलं. मला मात्र त्याच दिवशी वाटलं, तात्यांनी आपलाच नियम मोडला. ते हरिभाऊंच्या मायेने केलंत, की दत्ता तुमच्या उंबऱ्यात येऊ नये म्हणून? पुढच्या भेटीत विचारणार होते. माझ्याकडे तुमच्यासाठी उरलेला हा एकच प्रश्न आहे आणि तो मी कुणाला विचारू?

आता मागचं सांगते. तुम्ही गेल्यावर काय झालं ते.

सावडायच्या दिवशी मी तुमच्या अंगणात होते. त्याच दिवशी पाळी बदलायची होती. पाणी कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही, हे तुमचंच वाक्य. बाया आत काकूंजवळ, संजय-विकासच्या आईजवळ बसल्या होत्या, पुरुष बाहेर ओट्यावर. चावी आतल्या खोलीत कोपऱ्यात उभी होती. शंकररावांनी सुरुवात केली.

"सुतक हाय म्हणून सांगायचं. सुतकातल्या घरातनं वस्तू भाईर जात न्हाय."

"दूध गेलं की सकाळी डेअरीला," एकजण म्हणाला.

"दूध येगळं. म्हस काय सुतक पाळती व्हय?"

थोडं हसू झालं. मग कुणीतरी म्हणालं, वरच्यांनी नवी चावी करून आणलीय. आमच्या पावण्याने इंदापुरात बघितलं.

"बघितलं का ऐकलं?"

"ऐकलंच. पर ज्यानं सांगितलं त्यानं बघितलं."

असली माहिती मी आयुष्यभर बातम्यांतून कापत आले. त्या दिवशी मी तिच्यावर विश्वास ठेवला. माझं लक्ष चारीच्या दिशेला लागून राहिलं. तिकडे दार खाली बसल्याचा आवाज आला तर त्याचा अर्थ दुसरी चावी आहे, आणि दुसरी चावी आहे याचा अर्थ सगळं पुन्हा पहिल्यापासून, असा मी हिशेब मांडून बसले होते. समोर बसलेल्या एका तरुणाच्या मोबाईलवर संजयचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'विसरलो नाही'. संजय गेला तेव्हा हा मुलगा बालवाडीत असेल.

मी विकासला बाजूला घेऊन विचारलं, चावी देणार का?

"कोण मागायला येतंय त्यावर हाय."

"दत्ता आला तर?"

"तात्या भेत हुते, ताई. मी न्हाय भेत कुणाला."

तात्या, तुम्ही स्टँडवर जे म्हणाला होतात ते मला त्या क्षणी कळलं. ज्याला भ्या नाही त्याचं भ्या धरा. मी त्याच्यापासून दोन पावलं मागे सरले. मी पळून जायचाही विचार केला, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. रस्त्यावर एसटी कधी आहे, हे मी मनात आठवत होते.

दत्ता दुपार व्हायच्या आत आला. एकटाच. अंगणाच्या कडेला थांबला. कुणी "ये" म्हटलं नाही. जवळून पाहिलं तर तो माझ्या आठवणीतल्यापेक्षा बराच म्हातारा दिसत होता, कानाजवळचे केस पांढरे झालेले.

"चावी न्यायला आलोय," तो म्हणाला. मग, "बाबांना उठता येत न्हाय."

विकास उठून आत गेला आणि चावी घेऊन बाहेर आला. उजव्या हातात, खाली लोंबती. दत्तापासून हातभरावर येऊन उभा राहिला. पुढे केली नाही, खाली ठेवली नाही. शंकरराव बसल्या जागी अर्धे उठले. दत्ता हलला नाही. त्याने फक्त त्या लोखंडाकडे पाहिलं, मग विकासच्या तोंडाकडे. मला वाटतं त्या अंगणातल्या कुणालाच पुढे काय होणार ते माहीत नव्हतं, आणि विकासलाही नव्हतं. मी घटना बघून लिहायला शिकलेली बाई. मी डोळे मिटून घेतले.

आतून काकूंचा आवाज आला. "विक्या, आधी पाणी दे त्याला. आन् आत बसव. भाईर उभं करून काय चाललंय?"

"सुतक हाय, काकी," दत्ता बाहेरूनच म्हणाला. दोघांसाठीही ती पळवाट होती. सुतकाच्या घरचं पाणी कसं प्यायचं?

काकू दारात आल्या. हातात भरलेला तांब्या आणि फुलपात्र. संजय गेल्यापासून त्यांनीही त्याला पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "माझ्या घराला सुतक संजय गेल्यापासनं हाय. तुझा बाप त्यातच पाणी पीत आला. ये आत."

आणि त्यांनी तांब्या-भांडं विकासपुढे केलं. एका हातात चावी धरून पाणी ओतून देता येत नाही. विकास क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने चावी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला.

दत्ता आत येऊन बसला. विकासने पाणी ओतलं. निम्मं पाणी दत्ताच्या गुडघ्यावर सांडलं. दत्ताच्या हातातलं फुलपात्र तांब्यावर आपटून आवाज होत होता आणि तो थांबवायला दोघांनाही जमत नव्हतं. दत्ता पाणी प्यायला, सगळं प्यायला. "येतो," म्हणाला, चावी उचलली आणि गेला. काही वेळाने चारीकडून दार खाली बसल्याचा आवाज आला. शंकरराव म्हणाले, "चहा टाका कुणीतरी."

विकास गोठ्यामागे गेला होता. मी गेले तेव्हा तो भिंतीला धरून ओकत होता. तोंड पुसून म्हणाला, "ताई, चावी हातात हुती तवा मला माझीच भीती वाटली. हात वर जाईल असं वाटलं. थांबंल का न्हाय कळत नव्हतं."

तात्या, हे मी खास तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. तुमच्या धाकट्या मुलाला भीती वाटली. आपल्या वादात तुमची बाजू बरोबर होती असं मी अजून म्हणणार नाही, मला अजूनही वाटतं की माणसांना याहून काहीतरी जास्त मिळायला हवं. पण त्या गोठ्यामागे मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्या पाठीवर हात फिरवत रडले. तुमच्यासाठीचं रडणं खरं म्हणजे तेव्हा आलं. तुम्ही एवढी वर्षं दर पाळीला हे पोटात घेऊन वरच्या वाडीत चालत जात होतात आणि येऊन मला विनोद सांगत होतात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. माझं त्या गावात घर नाही, रान नाही. तरी मानायला हवे होते.

माझी भीती गेलेली नाही. एका पाळीने काही होत नाही, हे मला तुमच्यामुळेच कळतं. तो मोबाईलवरचा फोटो अजून तिथेच आहे. पुढची पाळी तुमच्या वाडीची आहे. चावी आता दत्ताच्या घरी आहे आणि ती मागायला विकासला जावं लागेल. ज्या घरात तो कधी गेला नाही तिथे आत जाऊन बसावं लागेल.

निघताना मी त्याला विचारलं, "जाशील ना?"

"जावं तर लागंलच. गहू फुटव्याला आलाय, आता पाणी पायजेच," तो म्हणाला. मग हळूच, "पर बूट घालून जाईन. पळायला बरं."

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बुटाच्या नाड्या सोडायला येळ लागतो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या दारात वाकून बसशील. चप्पल घालून जा. उंबऱ्याशी काढ, आन् आत जा."